मंगळवारचं पाणी

पाण्यातून तरी ज्याने आजवर कोणाचं वाकडं केलेलं नाही, अशा एका जिवाला शोधून काढायचा मला पगार मिळतो. लग्नाबिग्नात कोणी विचारलं, शेतिल, तू करतोस काय, तर मी सांगतो, साक्षीदार पकडतो. लोक मला पोलिसांतला समजतात आणि गाडीची किल्ली हळूच बायकोच्या पर्समध्ये टाकतात.

पण मी थट्टा करत नसतो. आरोपीचं नाव क्रिप्टोस्पोरिडियम. हा परजीवी कोकरांच्या पोटातून निघतो, बर्फ वितळलं की पाण्याबरोबर तळ्यात उतरतो आणि क्लोरीनमध्ये असा निवांत पडून राहतो की जणू सुट्टीवर आलाय. धडधाकट माणसाला तो आठवडा-दोन आठवडे संडासात बसवून सोडून देतो. पण ज्याच्या अंगातली राखणदारी औषधं देऊन मुद्दाम झोपवलेली आहे, त्याला तो सोडेलच याची खात्री नाही. आणि त्याला थेट शोधायचं तर पिंपंच्या पिंपं पाणी गाळून राजधानीला पाठवावं लागतं. तिथून उत्तर येईपर्यंत ज्यांनी जे प्यायचं ते पिऊन झालेलं असतं.

म्हणून साक्षीदार. क्लोस्ट्रिडियम नावाच्या जिवाणूचे बीजाणू. कवच घातलेले, चिवट, त्याच पोटांमधून त्याच तळ्यात येणारे, आणि क्लोरीनला तेवढेच बेपर्वा. शिवाय संख्येने भरपूर, त्यामुळे शोधायला सोपे. वाळूचा फिल्टर धड असेल तर तो या दोघांनाही अडवतो. बीजाणू पलीकडे निघाला तर समजायचं, कुंपण कुठेतरी फाटलंय. पाणी तापवायचं, म्हणजे बाकीची गर्दी मरते. मग ते गाळायचं, गाळलेलं बशीत हवाबंद ठेवायचं. दुसऱ्या दिवशी बशीत काळे ठिपके दिसले की साक्षीदार बोलला.

लोमविक या आमच्या गावाच्या बशीत वर्षानुवर्षं कोणी बोललं नव्हतं. आणि लोमविकचं पाणीकेंद्र चालवणारा माणूस माझा सख्खा मामा.

तोर्लाइफमामा हा मनाने इतका चांगला माणूस आहे की त्याच्यावर रागावणं म्हणजे टपालपेटीवर रागावण्यासारखं. दर मंगळवारी मी नमुना घ्यायला जायचो तेव्हा केंद्राच्या दारातच वॅफलचा वास यायचा. तो त्यावर तपकिरी चीज कापून ठेवायचा, कॉफी ओतायचा आणि आम्ही एका मोठ्या लाकडी खोक्यावर ताटल्या मांडून खायचो. त्या खोक्यात अतिनील किरणांचा दिवा होता. क्रिप्टोचा खरा काळ असेल तर तोच. नगरपालिकेने तो विकत घेतला होता, पण तो बसवायला जी भिंत फोडावी लागत होती ती जुनी निघाली, आणि वारसा समितीचं मत पडलं की तिच्यातून पाइप काढला तर इमारतीचं व्यक्तिमत्त्व बिघडेल. तेव्हापासून दिवा खोक्यात आणि खोक्यावर जॅमची बरणी. मामाने त्यावर विणलेला टेबलक्लॉथसुद्धा घातला होता.

माझ्या बहिणीला, ओशिलला, मामाने स्वतःची एक किडनी दिली आहे. तिच्या दोन्ही गेल्यावर आमच्या घरात सगळे एकमेकांकडे बघत असताना हा उठला, म्हणाला मला दोन आहेत, आणि जेवायला बसला. तेव्हापासून ती रोज सकाळी मूठभर गोळ्या घेते, शरीराने ती किडनी परकी म्हणून हाकलू नये यासाठी. म्हणजे तिची राखणदारी झोपलेली आहे. म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारातला माणूस लोमविकमध्ये राहतो, लोमविकच्या नळाचं पाणी पितो आणि मला विचारतो, अरे, आज कोणाला पकडलंस?

त्या आठवड्यात मंगळवारी तिला घेऊन मी शहरातल्या इस्पितळात तपासणीला गेलो होतो. म्हणून नमुना शुक्रवारी घ्यायला गेलो. कळवायचं डोक्यातच आलं नाही. मामाकडे जायला कोण कळवून जातं?

दारात वॅफलचा वास नव्हता. मामा गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून उभा होता आणि त्याने नुकताच फिल्टर धुवून काढला होता. खालून उलटं पाणी आणि हवा सोडून वाळू घुसळायची, वर आलेली घाण गटाराला लावायची, असा तो प्रकार. मला बघून तो असा चपापला की मी त्याला न्हाणीघरात गाठलंय असं वाटावं. म्हणाला, आज शुक्रवार आहे. मी म्हटलं, शुक्रवारीही लोक पाणी पितात अशी माहिती मिळाली आहे. तर म्हणाला, जेवून ये, मग घे. नाहीतर मंगळवारी सावकाश ये. मला वाटलं, खायला काही केलेलं नाही म्हणून ओशाळलाय. मी नळ उघडला, बाटली भरली आणि गेलो.

शनिवारी बशी उघडली. तिच्यावर कोणीतरी मिरी दळल्यासारखं दिसत होतं.

आधी वाटलं, माझीच चूक. बाटली घाण असेल. मग नुसती बाटली तपासायला ठेवलेली दुसरी बशी उघडली, ती लख्ख होती. मग मी गाडी काढली.

मामा अंगणात गाजर पेरत होता. मी त्याला विचारलं, फिल्टर धुतल्यावर पहिलं पाणी कुठे सोडतोस.

"गावाला."

"गटारात का नाही?"

"चांगलं पाणी गटारात?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला ब्रेड पेटवायला सांगितलाय.

आता हे माझ्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नुकती धुतलेली वाळू सैल असते. ती परत नीट बसेपर्यंत तिच्यातून काहीही निसटतं. म्हणून पहिलं पाणी फेकायचं. मामालाही हे शिकवलेलं होतं, त्याने ते ऐकलंही होतं. पण आमच्या आजीने त्याला वाढवला होता, आणि त्या घरात बटाट्याचं सालसुद्धा कारण दिल्याशिवाय टाकता येत नसे. प्रशिक्षण दोन दिवसांचं आणि आजी जन्मभराची. कोण जिंकणार?

मी म्हटलं, ठीक आहे, पण मग मंगळवारच्या बशा स्वच्छ कशा?

"मंगळवारी तू येतोस ना," मामा म्हणाला. "पाहुणे यायच्या दिवशी कोणी घर धुवायला काढतं का? सोमवारीही नाही काढत मी. सगळं कसं शांत बसलेलं असतं. आणि मग वॅफल."

त्याने हे इतक्या प्रेमाने सांगितलं की मला क्षणभर आभार मानावेसे वाटले. मग अर्थ डोक्यात शिरला. म्हणजे इतकी वर्षं मी लोमविकचं पाणी तपासतच नव्हतो. मी लोमविकचा दिवाणखाना तपासत होतो. पाहुणा आला की दिवाणखाना स्वच्छ असणारच. आणि पाहुणा चीज खाऊन, हात पुसून, सगळ्या गावाला लिहून देत होता की घर आतून-बाहेरून निर्मळ आहे.

गढूळपणा मोजायचं यंत्रही आहे. ते मोठ्या टाकीच्या पलीकडे बसवलेलं आहे. तिथे पोचेपर्यंत सगळं पाणी एकमेकांत मिसळून सभ्य झालेलं असतं.

मग मी ओरडलो. मी सहसा ओरडत नाही, माझा चेहराही तसा नाही. घरात माझी ख्याती अशी की आग लागली म्हणालो तरी लोक आधी हसून घेतात. मी मामाला म्हणालो की तुझ्या आवराआवरीने ओशिल मरेल. एका हाताने किडनी द्यायची आणि दुसऱ्या हाताने कोकरांची घाण पाजायची, याला तू चांगलं पाणी म्हणतोस. मामा हसला नाही. खुरपं खाली ठेवून म्हणाला, ही थट्टा काही बरी नाही, शेतिल. आणि घरात गेला.

हाल्वोर हा नगरपालिकेच्या पाणीखात्याचा मुख्य. सतरा मेचा, म्हणजे आमच्या राष्ट्रीय दिनाचा सण पुढच्याच शनिवारी असल्यामुळे तो शिडीवर चढून झेंड्याची काठी रंगवत होता. मी खालून बोलत होतो आणि तो वरून. आमच्याकडे सगळेच सगळ्यांना तू म्हणतात. त्यामुळे राग आला की खाली उतरायला पायरीच उरत नाही; ती एकुलती एक पायरी आधीच वापरून झालेली असते. मला त्या दिवशी तिची फार गरज होती.

हाल्वोर मूर्ख नाही, हीच अडचण. मूर्ख असता तर मी थट्टेवर नेलं असतं. त्याने ब्रश न थांबवता विचारलं की नेहमीचे जिवाणू, ज्यांवरून सगळं जग पाण्याची परीक्षा करतं, ते सापडले का. मी म्हटलं नाही, कारण त्यांना क्लोरीन मारतं. क्रिप्टोला मारत नाही. म्हणून तर बीजाणू मोजायचे. तो म्हणाला, पण बीजाणू तर क्रिप्टोपेक्षा लहान, हे तूच मागे भाषणात सांगितलं होतंस.

"घरात उंदीर शिरला म्हणून गायही शिरली असं होतं का, शेतिल?"

"दार उघडं आहे एवढं तर कळलं?"

"दार बंद असल्याचं आपल्याकडे वर्षानुवर्षांचं लेखी आहे. तुझ्याच हातचं." आणि काठीवर एक लांब पांढरा पट्टा ओढला.

मी त्याला मंगळवारचं गुपित सांगितलं. पहिलं पाणी, सोमवार, वॅफल, सगळं. तो ब्रश रंगात बुडवून म्हणाला की वॅफलचा पाण्याशी काही संबंध दिसत नाही. मी म्हटलं, गावाला आज सांग की पाणी उकळून प्या. तो म्हणाला, सतरा मेच्या तोंडावर? मिरवणूक झाल्यावर सगळ्या पोरांना सरबत नळाच्या पाण्यात करतात. लोक घाबरतील. आणि कशाला? ज्याने कोणाला कधी त्रास दिला नाही, असा एक बिचारा बीजाणू दिसला म्हणून? त्याने शिडीवरूनच नगरपालिकेच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाला, माझ्याकडे अजून कोणी जुलाबाचं आलेलं नाही. म्हणजे आधी लोकांनी आजारी पडायचं, मग त्यांना सांगायचं की आजारी पडू नका. हाल्वोरला यात काही खटकलं नाही.

मी तिथेच उभा राहिलो, हललो नाही. रंगाचे थेंब माझ्या बुटांवर पडत होते. शेवटी त्याने तोडगा काढला. एक म्हणजे, रीतसर फेरतपासणी होईल, त्याच्या समक्ष. मंगळवारी.

मी म्हटलं, मंगळवारी नको.

म्हणाला, मंगळवार हा नमुन्याचा वार आहे.

आणि दुसरं म्हणजे, माझ्या भावनांचा मान राखून 'पाणी उकळून प्या' अशी सूचना तो आजच लावायला तयार आहे. फक्त ती पाणीकेंद्रात लागेल. आतल्या बाजूला.

मला वाटलं तो थट्टा करतोय. माझ्या बाबतीत लोकांचं काय होत असेल ते तेव्हा कळलं. पण तासाभराने खरंच एक माणूस गेला आणि कुलूप उघडून, आतल्या भिंतीवर, खोक्याच्या बरोबर वर, सूचना लावून, कुलूप लावून आला. सगळ्या लोमविकमध्ये ती वाचू शकणारा माणूस एकच होता, आणि तो घरी माझ्यावर रुसून बसला होता.

तिथून मी ओशिलकडे गेलो. सरबताची जबाबदारी यंदा तिच्याकडे होती आणि ती ओट्यावर लाल सरबताच्या बाटल्या ओळीने लावत होती. मी सगळं सांगितलं. ती बाटल्या पुसत ऐकत होती. मध्येच म्हणाली की ऑपरेशन झाल्यापासून जो तो माझ्यासाठी काही ना काही उकळतोय. मला कंटाळा आलाय उकळलेलं जगायचा. म्हणाली, मामाचं पाणी मी नाही प्यायचं तर कोणी प्यायचं? माझ्या पोटात तोच बसलाय. ती थांबली आणि तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"तू आल्यापासून एकदाही विनोद केलेला नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

तिने किटली भरली आणि शेगडीवर ठेवली. नंतर कपाटातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं आणि तेही भरलं.

रविवारी दुपारचं जेवण मामाकडे असतं. खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा, बटाटे, नंतर रेवाचिनी या आंबट भाजीच्या देठांचं गोड सूप. टेबलाच्या मधोमध काचेची सुरई असते, नळाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली. तिच्यात मामा बर्फ घालत नाही, लिंबू घालत नाही. म्हणतो, या पाण्यात काही घालणं म्हणजे त्याचा अपमान. त्या दिवशीही सुरई होती. मी आणि मामा एकमेकांशी बटाट्यांपुरतं बोलत होतो. मामी बिचारी हवेबद्दल दोघांच्याही वाटचं बोलत होती.

मामाने सुरई उचलली आणि नेहमीप्रमाणे आधी ओशिलच्या ग्लासकडे नेली. ओशिलने ग्लासवर हात ठेवला. मग खाली वाकून पिशवीतून स्वतःची बाटली काढली, टेबलावर ठेवली, झाकण उघडलं आणि ग्लासात ओतलं. उकळून गार केलेलं पाणी. ओतायचा आवाज फार मोठा आला.

आमच्याकडे तुम्ही कोणाच्या घरी स्वतःची चप्पल घेऊन जाऊ शकता, स्वतःची बिअर तर न्यावीच लागते. पण पाणी? आणि तेही पाणीवाल्याच्या घरी? मामाची एक किडनी मामाच्याच टेबलावर बसून मामाचंच पाणी नाकारत होती. मामी बोलायची थांबली. मामा सुरई तशीच हातात धरून उभा राहिला. सुरई जड असते.

"शेतिलने तुझे कान भरलेत," मामा म्हणाला.

"तो खोटं बोलला का?"

मामाने सुरई खाली ठेवली. ओशिल म्हणाली की मी तुझ्यावर रागावलेली नाही, मामा, पण मी जे घेऊन फिरतेय ते तुझं आहे, आणि ते टाकून द्यायची माझी तयारी नाही. तूच सांगतोस ना, चांगली वस्तू टाकायची नाही. मग तिने बटाटे मागितले. कोणीतरी दिले. निघताना मी मागे वळून पाहिलं, तर मामा स्वयंपाकघराच्या बेसिनपाशी सुरई घेऊन उभा होता आणि ती ओतायला त्याचा हात वळत नव्हता.

मंगळवारी हाल्वोर कोट घालून आला. बेकरीतून केक आणला होता. त्याच्या मते हा एक लहानसा समारंभच होता. केंद्राचं दार उघडलं तर ना वॅफल, ना टेबलक्लॉथ. आत हवेचा पंप असा घरघरत होता की केकवरच्या क्रीमला थरथर सुटली. मामा गमबूट घालून उभा, आणि फिल्टरमधून तपकिरी पाणी उसळून गटाराला चाललेलं.

हाल्वोरने त्याच्या कानाशी जाऊन विचारलं की हे आज कशाला काढलंस. मामाने झडप फिरवली, पंप बंद केला. एकदम शांत झालं.

"तो पाहुणा आलाय, तोर्लाइफ," हाल्वोर म्हणाला.

"पाहुणा नाही," मामा म्हणाला. "भाचा आहे."

आणि धुतलेला फिल्टर त्याने गावाच्या पाइपाला जोडला, दर शुक्रवारी जोडतो तसा. मग बाजूला झाला आणि मला नळाकडे जायची खूण केली. हाल्वोरचं म्हणणं पडलं की धुतल्या धुतल्या नमुना घेणं काही न्यायाचं नाही, वाळूला बसायला वेळ दिला पाहिजे.

मामा म्हणाला, "शुक्रवारी हेच पाणी मी तुझ्या घरी पाठवतो. तेव्हा न्यायाचं असतं का?"

मी बाटली भरली. भरून झाल्याबरोबर मामाने तो फिल्टर गावापासून तोडला आणि उरलेलं पाणी गटाराला लावलं. लावताना त्याने डोक्यावरची टोपी काढली. आम्ही तिघे ते पाणी वाहून जाताना बघत उभे राहिलो. केक कोणी कापला नाही.

बशी दुसऱ्या दिवशी उघडली. यावेळी हाल्वोर माझ्या शेजारी उभा होता. मी त्याला काही समजावून सांगितलं नाही. काळे ठिपके दिसायला शिक्षण लागत नाही. त्याने विचारलं, यांतला एकही माणसाला काही करत नाही ना? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, तेच तर. पण आवाज बारीक झाला होता. शिवाय आता त्याने स्वतः पाहिलं होतं, आणि जे आपण पाहिलं त्याबद्दल नंतर कोणीतरी जाब विचारतं, एवढं त्याला कळत होतं. दुपारी सगळ्या लोमविकच्या फोनवर सूचना गेली. पाणी उकळून प्या. कारण म्हणून लिहिलं होतं: मेंढ्यांचा हंगाम. फिल्टरचं नाव नाही, खोक्यातल्या दिव्याचं नाव नाही. संध्याकाळपर्यंत मेंढ्यांच्या मालकांनी नगरपालिकेवर मोर्चा नेला. तो मोर्चा मला फार आवडला, कारण त्यांचा राग बरोबर होता, फक्त त्यांना तो कोणावर आहे हे माहीत नव्हतं. मी जाऊन सांगितलं. लोक हसले. म्हणाले, या शेतिलचं आपलं काहीतरीच.

मामाला नगरपालिकेने ताकीद दिली. पहिलं पाणी वर्षानुवर्षं गावाला पाजलं म्हणून नव्हे. वरिष्ठांच्या भेटीच्या वेळी फिल्टर धुवायला काढला म्हणून.

सतरा मेला ऊन पडलं होतं. पोरं झेंडे हलवत, बँडच्या मागून बेसूर ओरडत आली. सरबताच्या टेबलामागे ओशिल, तिच्यामागे शाळेच्या स्वयंपाकघरातून पातेली वाहणारा मामा. अंगावर सणाचा लोकरी पोशाख, चांदीची बटणं, आणि दोन्ही हातांत मटण शिजवायचं पातेलं. पाणी उकळलं होतं, पण गार व्हायला वेळ पुरला नव्हता. सरबत कोमट होतं. पोरांनी तोंडं वाकडी केली. एका आईने ओशिलला सुनावलं की एवढंसं काम, तेही धड नाही. ओशिल तिच्या पेल्यात आणखी थोडं ओतून म्हणाली, घे, गरम गरम.

मग हाल्वोर मंचावर चढला. त्याने सांगितलं की या आठवड्यात काही लोक उगाच घाबरले होते. पण बघा, लोमविकमध्ये एकही माणूस आजारी पडलेला नाही. यावरून आपलं पाणी किती उत्तम आहे हे पुन्हा एकदा सिद्ध झालं आहे, आणि सूचना सोमवारी मागे घेतली जाईल. टाळ्या पडल्या. बँडने काहीतरी वाजवलं.

मी टेबलापाशी उभा राहून ऐकत होतो आणि माझ्या हातातला कागदी पेला चुरगळत होता. कोणी आजारी पडलं असतं तर मी म्हणायचो ते खरं ठरलं असतं. नाही पडलं, तर मी बरोबर नव्हतो. या धंद्यात खरं ठरायची एकच वाट आहे, आणि ती ओशिलच्या अंगावरून जाते. मी तिच्याकडे पाहिलं. ती कोणाच्या तरी पोराचा ओघळलेली फीत बांधून देत होती. माझ्या मनात आलं की मंचावर जावं, माइक घ्यावा आणि तो खोका, ती भिंत, ती आतल्या बाजूची सूचना, जी अजून कोणी काढलेली नाही, सगळं ओरडून सांगावं. लोक किती हसले असते.

भाषण संपवून हाल्वोर हात मिळवत मिळवत आमच्याकडे आला. घसा कोरडा पडला असणार. ओशिलने त्याला सरबताचा पेला भरून दिला. त्याने तो तोंडाजवळ नेला. तिथेच थांबवला. आजूबाजूला बाहेरचं कोणी नाही असं बघून माझ्या बाजूला झुकला.

"हे उकळलेलं आहे ना?" त्याने हळूच विचारलं.

मामाने पातेलं खाली ठेवलं. ओशिल थांबली. दोघंही माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागले. माझा चेहरा नेहमीसारखाच होता.

"बहुतेक," मी म्हणालो.

त्यानंतर खेळ झाले, पोत्यांची शर्यत झाली, पुन्हा एकदा बँड झाला. हाल्वोर प्रत्येकाशी हसून बोलत होता. संपूर्ण दुपारभर तो पेला त्याच्या हातात होता, काठोकाठ भरलेला, आणि त्यातलं थेंबभरही सांडू नये म्हणून तो फार जपून चालत होता.